विमान पाडलं कुणी?

नव्वदच्या दशकातलं अमेरिकेतलं कुठलंही मॉडेल विमान क्लबचं मैदान घ्या. गवत कापून केलेली धावपट्टी, तिच्या कडेला विमानं जुळवायची जागा आणि शेडमध्ये ठोकलेली एक लाकडी फळी. फळीवर ११ ते ६० असे आकडे रंगवलेले. प्रत्येक आकड्यापाशी कपडे वाळत घालायचा एकेक चिमटा अडकवलेला आणि चिमट्यावरही तोच आकडा. शेजारच्या टेबलावर सगळ्यांचे ट्रान्समीटर बंद करून ओळीने ठेवलेले. ज्याला उडवायचंय त्याने फळीपाशी यायचं, आपल्या चॅनेलचा चिमटा काढून ट्रान्समीटरच्या अँटेनाला लावायचा आणि मगच बटण दाबायचं. चिमटा जागेवर नसेल तर त्या चॅनेलवर दुसरं कुणीतरी उडवत आहे असं समजायचं आणि तो उतरेपर्यंत थांबायचं.

हा नियम मोडला तर काय होतं, हे ज्याने एकदा पाहिलं तो ते विसरत नाही. दोनशे मीटरवर सुरळीत वळण घेणारं विमान अचानक अंग झटकतं. शेपटाचा पृष्ठभाग थरथरतो, इंजिनाचा आवाज विनाकारण चढतो-उतरतो, विमान पाठीवर पडतं. उडवणारा 'माझ्या हातात नाही!' असं ओरडतो. खाली असलेल्यांनी सावध व्हावं एवढाच त्या ओरडण्याचा उपयोग. दोन-तीन सेकंदांत सगळं आटोपतं. हिवाळाभर बसून बांधलेल्या बाल्सा लाकडाच्या सांगाड्याचे तुकडे गोळा होत असतानाच टेबलापाशी कुणाच्या तरी लक्षात येतं, की बॅटरी किती उरलीय हे बघायला त्याने नुकताच आपला ट्रान्समीटर चालू केला होता.

या अंकासाठी संपादकांनी 'जबाबदारी' हा विषय दिला, तेव्हा हे मैदान त्यासाठी योग्य वाटलं, कारण इथे प्रश्न अगदी उघडा आहे. विमान एकाच्या मालकीचं, ते पाडणारे तरंग दुसऱ्याचे आणि ज्या आकाशात हे घडलं ते कुणाचंच नाही. मग भरपाई कुणी द्यायची? आणि ते विमान एखाद्या माणसावर कोसळलं असतं तर दोषी कोण? या लेखातली माझी भूमिका अशी : रेडिओचा अडथळा मागे काही पुरावा ठेवत नाही, त्यामुळे त्याची जबाबदारी अपघातानंतर शोधायला निघालं की हाती फक्त वाद लागतो. ती उड्डाणाच्या आधीच वाटून ठेवावी लागते. आणि वाटतानाही तिचा एक भाग कधीच दुसऱ्याकडे सरकवता येत नाही. तो भाग म्हणजे विमानाखाली असलेली माणसं.

चॅनेल पन्नास, आकाश एक

आधी यंत्रणा समजून घेऊ, कारण दोषाचा अर्धा निवाडा तिथेच होतो. अमेरिकेत मॉडेल विमानांना ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५० चॅनेल मिळाले होते. ७२.०१ पासून ७२.९९ मेगाहर्ट्झपर्यंत, दोन शेजाऱ्यांत २० किलोहर्ट्झचं अंतर. ब्रिटनमध्ये विमानांसाठी ३५ मेगाहर्ट्झचा पट्टा होता आणि चॅनेलमधलं अंतर तिथे अवघं १० किलोहर्ट्झ. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्हींत त्या-त्या चॅनेलचा क्रिस्टल बसवलेला असे. रिसीव्हरला एवढंच माहीत, की या फ्रिक्वेन्सीवर जे येईल ते आपलं. पाठवणारा मालक आहे की अनोळखी, हे ओळखायची सोय त्यात नव्हती.

एकाच चॅनेलवर दोन ट्रान्समीटर चालू झाले की एफएम रिसीव्हर ज्याचा सिग्नल जास्त जोरकस त्याला धरतो. वरवर पाहता मालकाला धास्तीचं कारण दिसत नाही, पण अंतरं बघा. मालक धावपट्टीच्या कडेला उभा, दुसरा त्याच्या पाठीमागे वीस-तीस मीटरवर टेबलापाशी, आणि विमान दोनशे-तीनशे मीटर दूर. विमानाच्या दृष्टीने दोघे जवळपास सारख्याच अंतरावर. मग कुणीच निर्विवाद जिंकत नाही. दोन सिग्नल एकमेकांत मिसळतात, विमानाचे पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटरींना, म्हणजे सर्व्होंना, मिळणाऱ्या आज्ञांचा विचका होतो आणि विमान कुणाचंच ऐकत नाही. म्हणूनच 'मी तर अँटेना आत ढकललेलीच ठेवली होती' किंवा 'मी फक्त क्षणभर चालू केला होता' हे बचाव मैदानावर टिकत नाहीत. खाली झेपावणाऱ्या विमानाला एक क्षणही पुरतो.

इथपर्यंत दोष सरळ दिसतो. गुंतागुंत पुढे आहे. दोन ट्रान्समीटर जवळजवळ उभे राहून चालू असले, तर त्यांच्या संयोगातून नव्या फ्रिक्वेन्सी तयार होतात. एकाची दुप्पट उणे दुसरा, असं ते गणित. कुणी २० नंबरवर आणि कुणी २२ नंबरवर उडवत असेल, तर त्यांच्या जोडीतून १८ आणि २४ या चॅनेलवरही गडबड उमटू शकते. म्हणजे २४ चा चिमटा ज्याच्या अँटेनावर आहे, ज्याच्या चॅनेलवर मैदानात दुसरं कुणीच नाही, त्याचंही विमान हिसके खाऊ शकतं. त्या काळातल्या अनेक साध्या रिसीव्हरमध्ये आतली मधली फ्रिक्वेन्सी ४५५ किलोहर्ट्झ असे. तेवीस चॅनेलांचं अंतर भरतं ४६० किलोहर्ट्झ. त्यामुळे एकमेकांपासून बरोबर तेवीस घरं दूर असलेले दोन ट्रान्समीटर मिळून तिसऱ्याच कुणाचा रिसीव्हर गोंधळवू शकत. इथे चिमट्याचा नियम कुणीच मोडलेला नाही, तरी विमान पडलं. दोष द्यायचा तर कुणाला? जाणत्या क्लबांनी यावर काढलेला उपाय असा, की उडवणाऱ्यांनी एकमेकांपासून ठराविक अंतरावर आखलेल्या जागांवरच उभं राहायचं आणि एकाच वेळी हवेत किती विमानं असावीत यालाही मर्यादा घालायची. जिथे दोषी कुणीच नाही तिथेही आधी घेतलेली काळजी काम करते, हे यातून ध्यानात घेण्यासारखं आहे.

मैदानाबाहेरून आलेला अडथळा

सगळा धोका मैदानात नव्हता. सुरुवातीच्या काळात अमेरिकेतली रिमोट विमानं प्रामुख्याने २७ मेगाहर्ट्झवर उडत. त्याच पट्ट्यात सिटिझन्स बँड, म्हणजे सीबी रेडिओ होता, आणि विमानांचे चॅनेल सीबीच्या चॅनेलांच्या मधल्या फटींत बसवलेले होते. २७.२५५ मेगाहर्ट्झ हा तर सीबीचा २३ नंबरचाच चॅनेल होता. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिकडच्या ट्रकवाल्यांनी सीबी उचलून धरला, मग सामान्य मोटारवाल्यांनीही. १९७७ मध्ये सीबीचे चॅनेल २३ वरून ४० झाले. हमरस्त्यावरून बोलत जाणाऱ्या ट्रकवाल्याला पलीकडच्या शेतावर कुणी विमान उडवतंय याची कल्पनाही नसे. ब्रिटनमध्ये तर अमेरिकी सीबी संच बेकायदा वापरले जात होते. तिथे सीबीला कायदेशीर परवानगी मिळाली ती नोव्हेंबर १९८१ मध्ये, वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर. पुढे ७२ मेगाहर्ट्झवर गेल्यावरही शेजार सुटला नाही. अमेरिकेत विमानांच्या दोन चॅनेलांच्या बरोबर मध्ये, दहा किलोहर्ट्झवर, पेजरसारख्या व्यावसायिक सेवा होत्या. त्यांचे ट्रान्समीटर विमानवाल्याच्या पाऊण वॅटपेक्षा कितीतरी ताकदवान.

या शेजाराबद्दल कायदा काय म्हणतो? अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या नियमांत रिमोट कंट्रोलचे चॅनेल सामायिक आहेत. ते कुणाच्या एकट्याच्या मालकीचे नाहीत, सगळ्यांनी समजुतीने वापरायचे आहेत आणि अडथळ्यापासून संरक्षणाची हमी नाही. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की मग दोष कुणाचाच नाही, अडथळा सोसायचा हीच या छंदाची अट. हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, पण तो अर्धाच बरोबर आहे. परवाना न मागता तरंग वापरायला मिळाले, त्याची किंमत म्हणून सरकारकडे संरक्षण मागता येत नाही, एवढंच तो नियम सांगतो. शेजारी उभ्या माणसाचा हलगर्जीपणा माफ करायला तो सांगत नाही. अनोळखी ट्रकवाला आणि फळी समोर दिसत असूनही चिमटा न काढणारा क्लबमित्र यांना एकाच मापाने मोजता येत नाही. पहिल्याला माहीतच नव्हतं. दुसऱ्याला माहीत होतं, सोपा उपाय हाताशी होता आणि तो त्याने केला नाही. निष्काळजीपणा म्हणतात तो हाच.

अवशेषांत न सापडणारं कारण

आता या वादातल्या सर्वांत अडचणीच्या गोष्टीकडे येऊ. अडथळ्याने पडलेलं विमान आणि इतर कारणाने पडलेलं विमान यांचे अवशेष सारखेच दिसतात. तरंग आले, गेले. म्हणून मैदानावर पडलेल्या विमानाचं 'अडथळा आला' हे स्पष्टीकरण फार लवकर पुढे येतं. ते खोडून काढता येत नाही आणि त्यात उडवणाऱ्याकडे बोट जात नाही.

पण अवशेष नीट उलगडणाऱ्याला बरंच काही सापडतं. रिसीव्हरकडे जाणारी बॅटरीची काळी वायर सोलून बघितली तर आतलं तांबं कधी काळंनिळं पडलेलं असतं. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांमध्ये हा गंज वायरीतून सरकत पुढे जाई. कधी इंजिनाच्या थरथरीने स्विच सैल झालेला असतो, कधी पंखात जाणाऱ्या जोडवायरीचा प्लग अर्धवट निघालेला असतो. दोन धातूंचे भाग एकमेकांवर सैल घासत असतील तर त्यातूनही रेडिओचा गोंगाट निघतो. ठिणगीवर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाचं इग्निशन रिसीव्हरच्या फार जवळ बसवलेलं असेल, तर गोंगाट विमानाच्या पोटातच जन्मतो. आणि पुष्कळदा यांपैकी काहीच नसतं. विमान दूर गेलं, ते समोर येतंय की पाठमोरं आहे हे ओळखण्यात गफलत झाली आणि ट्रान्समीटरवरची काडी उलट्या दिशेला गेली.

याचा अर्थ अडथळ्याची तक्रार करणारे खोटं बोलतात असा नाही. ज्याच्या हातातून विमान सुटलं त्याला ते सुटलं एवढंच जाणवतं, का सुटलं हे जाणवत नाही. पण म्हणूनच पडल्यानंतरच्या साक्षींवर जबाबदारी ठरवणं भरवशाचं नाही. चिमट्याची फळी या बाबतीत फार शहाणी व्यवस्था होती. विमान पडलं की सगळ्यांनी फळीकडे बघायचं. त्या चॅनेलचा चिमटा कुणाकडे होता आणि त्या क्षणी आणखी कुणाचा ट्रान्समीटर चालू होता, एवढे दोनच प्रश्न. चिमटा पडलेल्या विमानाच्या मालकाकडे असेल आणि दुसऱ्याने तो नसताना बटण दाबलं असेल, तर भरपाई दुसऱ्याने द्यायची. चिमटा मालकाकडेच नसेल, तर त्याने दुसऱ्याच्या हक्काच्या वेळेत उड्डाण केलं, म्हणून नुकसान त्याचंच. दोघांनीही फळी टाळली असेल तर कुणालाच मागायचा हक्क नाही. अमेरिकेच्या अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सने, म्हणजे १९३६ पासून चालत आलेल्या या छंदाच्या राष्ट्रीय संस्थेने, हाच विचार मैदानाबाहेरही नेला. आधीपासूनच्या मैदानापासून तीन मैलांच्या आत कुणाला उडवायचं असेल, तर फ्रिक्वेन्सी वाटून घेण्याचा करार आधी करायचा.

दोन वेगळे हिशोब

इथवर बोललो ते विमानाच्या भरपाईबद्दल. माणसाला इजा झाली तर हेच उत्तर चालेल का? बरेच जण म्हणतील, का नाही? ज्याने बटण दाबलं त्याच्यामुळे विमान पडलं. मग ते गवतावर पडो की डोक्यावर, दोष त्याचाच. तर्क सरळ वाटतो, पण तो मला पटत नाही.

पाच किलोचं विमान ताशी १०८ किलोमीटर वेगाने येत असेल तर त्यातली ऊर्जा साडेबावीसशे ज्यूलच्या आसपास भरते. पाच किलोची वस्तू सुमारे पंधरा मजल्यांवरून सोडल्यासारखंच हे. एवढी ताकद हवेत सोडणाऱ्याला ती कधीतरी हातातून सुटेल हे माहीत असतं. बॅटरी दगा देईल, प्लग सुटेल, नजर चुकेल आणि अडथळाही येईल. कारणं अनेक असली तरी परिणाम एकच, आणि त्यावरचा उपायही एकच : माणसांवरून उडवायचं नाही. प्रेक्षक, वाहनतळ आणि विमानं जुळवायची जागा यांच्या पलीकडेच विमान ठेवायचं. हा उपाय उडवणाऱ्याच्याच हातात आहे, टेबलापाशी उभ्या माणसाच्या हातात नाही. विमान कुठे उडेल हे ज्याने ठरवलं, त्यानेच ते कुठे पडेल हेही बऱ्याच अंशी ठरवलेलं असतं.

ब्रिटनचा हवाई कायदाही याच दिशेने जातो. बेपर्वाईने किंवा निष्काळजीपणे विमानामुळे कुणी व्यक्ती वा कुणाची मालमत्ता धोक्यात येऊ देऊ नये, हा त्याचा दंडक मॉडेल विमानालाही लागू आहे. उड्डाण सुरक्षितपणे होईल अशी वाजवी खात्री आधी करून घ्यायची जबाबदारीही उडवणाऱ्यावर आहे. विम्याची रचनाही हा फरक मानते. अमेरिकी अकॅडमीच्या सभासदाला २५ लाख डॉलरपर्यंतचं जे विमासंरक्षण मिळतं, ते इतरांच्या इजेसाठी आणि नुकसानीसाठी आहे. स्वतःच्या पडलेल्या विमानाचे पैसे त्यातून मिळत नाहीत.

मग बेफिकीर बटण दाबणारा सुटला का? मुळीच नाही. विमानाच्या भरपाईत तो पूर्ण बांधील आहे आणि माणसाच्या इजेतही त्याचा वाटा धरायला हवा. माझं म्हणणं इतकंच, की त्याचा दोष सिद्ध झाला म्हणून उडवणाऱ्याचा पुसला जात नाही. विमानाचा हिशोब दोन छंदिष्टांमधला आहे आणि तो त्यांच्या करारावर, म्हणजे चिमट्यावर सोडवता येतो. खालच्या माणसाने असा कोणताही करार केलेला नाही. त्याला फ्रिक्वेन्सी, चिमटा, क्रिस्टल यांतलं काहीही माहीत असायची गरज नाही. त्याच्यापुढे 'अडथळा आला' हा बचाव होऊ शकत नाही.

चिमटे निघून गेल्यावर

२००५-०६ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचे संच बाजारात आले आणि काही वर्षांत फळ्या रिकाम्या झाल्या. या पट्ट्याची रुंदी ८३.५ मेगाहर्ट्झ आहे. ट्रान्समीटर त्यात मोकळी जागा शोधतो किंवा सतत उड्या मारत राहतो, आणि प्रत्येक ट्रान्समीटरला स्वतःची ओळख असते. रिसीव्हर एकदा त्याच्याशी बांधला की तो दुसऱ्याचं ऐकत नाही. शेजाऱ्याने चुकून बटण दाबलं म्हणून विमान पडणं जवळपास संपलं. हे मोठंच सुख, पण त्याबरोबर एक सवयही गेली. उड्डाणाआधी थांबून 'माझ्यामुळे कुणाचं काय बिघडेल?' हा प्रश्न विचारायला लावणारी एक वस्तू मैदानावरून नाहीशी झाली.

विमानं मात्र पडतच राहिली आणि कारणं आता मालकाच्या आणखी जवळ आली. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर असल्याने रिसीव्हरच्या अँटेनाचं उघडं टोक जेमतेम ३१ मिलिमीटरचं असतं. कार्बन फायबरच्या धडात ते झाकलं गेलं, किंवा बॅटरी आणि इंजिनाच्या आडोशाला गेलं, की विशिष्ट कोनात सिग्नल तुटतो. म्हणून दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात बसवायच्या असतात. काही सुरुवातीच्या रिसीव्हरमध्ये आणखी एक खोट होती. अनेक सर्व्होंनी एकदम जोर लावला की व्होल्टेज खाली जाई, रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होई आणि त्या काही सेकंदांत विमान निराधार असे. मालकाला हेही अडथळ्यासारखंच दिसे. मूळ कारण मात्र बॅटरीची निवड होती. ती चूक मालकाच्याच टेबलावर झालेली असे.

या काळातला चिमटा म्हणजे फेलसेफ. सिग्नल तुटला तर रिसीव्हरने स्वतःहून काय करायचं हे आधी भरून ठेवायचं. ब्रिटनमधली शिस्त अशी, की फेलसेफची सोय असलेल्या इंजिनाच्या विमानात निदान इंजिन मंद वेगावर तरी यायलाच हवं. हेतू विमान वाचवण्याचा नाही. ते इंजिन चालू ठेवून भलतीकडे निघून जाऊ नये, एवढाच आहे. तपासणी सोपी आहे. विमान कुणीतरी घट्ट धरायचं, इंजिन जरा वाढवायचं आणि ट्रान्समीटर बंद करायचा. इंजिन उतरलं नाही, मागच्याच आवाजात घोंगावत राहिलं, तर त्या विमानाने आज जमीन सोडायची नाही. सोबत पल्ल्याची चाचणीही करायची. ट्रान्समीटरची ताकद कमी करणारं बटण दाबून तीसेक पावलं दूर जायचं आणि सगळे पृष्ठभाग नीट हलतात का ते बघायचं. दोन्हींना मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत. आजकालचे अनेक रिसीव्हर किती वेळा सिग्नल हरवला याची नोंदही ठेवतात. म्हणजे पूर्वी हवेत विरून जाणारा पुरावा थोडाफार हाती येऊ लागला आहे. ती नोंद न बघता 'अडथळा आला' म्हणण्याला आता सबब उरलेली नाही.

आपली मैदानं

भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये विनापरवाना खुला झाला. अट अमेरिकेतल्यासारखीच : इतरांना अडथळा करायचा नाही, स्वतःला संरक्षण मिळणार नाही आणि वापर सामायिक राहील. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवलं जातं. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी स्पर्धांसाठी विमानं बांधतात आणि ती कॉलेजच्याच मैदानावर उडवून बघतात. गेल्या पंधरा वर्षांत ज्यांनी सुरुवात केली, त्यांना चिमट्याची फळी वापरायची वेळच आलेली नाही. त्यांना तंत्रज्ञान तयार मिळालं. ते घडत असताना तिकडच्या क्लबांना जी शिस्त लागली, ती मात्र तंत्रज्ञानाबरोबर आपोआप आली नाही, येणारही नव्हती.

ड्रोन नियम, २०२१ मध्ये २५ किलोपर्यंतच्या आणि शिक्षण, संशोधन, चाचणी वा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या विमानाची मॉडेल म्हणून स्वतंत्र व्याख्या आहे. त्रयस्थाच्या विम्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या तरतुदी लागू केल्या आहेत. चौकट आहे, पण ती मैदानावर कुणी उतरवायची? कॉलेजच्या चाचणी उड्डाणाला जमलेली मुलं विमानाखालीच मोबाइल उंचावून उभी असतात. कुणी म्हणेल, एवढ्या छोट्या छंदावर नियमांचं ओझं नको, मुलं उडवायचंच सोडतील. ही भीती मला समजते. पण चिमट्याच्या फळीला सरकारी शिक्का लागला नव्हता. ती उडवणाऱ्यांनी स्वतःसाठी उभी केली होती आणि तिच्यामुळे छंद वाढला, कारण शेजाऱ्यावर भरवसा ठेवून महिनोन्महिन्यांची मेहनत हवेत सोडता येत होती.

आपल्याकडे त्या फळीच्या जागी एक कागद पुरेल. प्रत्येक उड्डाणाआधी उडवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी सही करावी : फेलसेफ समोर तपासला, पल्ला तपासला, अँटेना आणि बॅटरी बघितली, प्रेक्षक रेषेच्या मागे आहेत. सही करणारा सोबती असेल, वरिष्ठ विद्यार्थी असेल किंवा प्रशिक्षक. हे झालं, तर विमान पडल्यावर कुणाला जबाबदार धरायचं हा प्रश्न बराच सोपा होईल. आणि त्याहून महत्त्वाचं, ते पडेल तेव्हा त्याच्याखाली कुणी असणार नाही. ही जबाबदारी उडवणाऱ्याने विमान जमिनीवर असतानाच घेतली पाहिजे. एकदा ते हवेत गेलं आणि हातातून सुटलं, की घेण्यासारखं काही उरत नाही.